ओट्यापेक्षा दोन बोटं उंच

सोमवारी, ४ ऑगस्ट १९९७ रोजी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मंगलाबाई सोनवणे यांची पिकअप सहा बीम घेऊन सुरतेतल्या नवागामच्या तेरा नंबर गल्लीत अडकली. चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती. महिन्यापूर्वी गल्लीच्या मधोमध गटाराचा नळ टाकला होता. वरची माती अजून दबली नव्हती आणि तिचा लांबच लांब उंचवटा झाला होता. दोन्ही बाजूंना गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. चाकं चाकोरीत उतरली की गाडीचं पोट खाली येई. त्या दिवशी मागच्या आसाचा लोखंडी गोळा उंचवट्यावर टेकला आणि गाडी तिथंच बसली.

ती निघाली अकरा पस्तीसला, दोराने ओढून. तोवर मागे चार गाड्या उभ्या होत्या.

बीम म्हणजे यंत्रमागाचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गुंडाळलेला लोखंडी रूळ. भरलेला एक बीम सव्वाशे-दीडशे किलोचा असतो. उधन्याच्या कारखान्यातून असे सहा बीम रोज उचलायचे आणि नवागामला भूपेंद्रभाईंच्या अठ्ठेचाळीस मागांच्या शेडमध्ये पोहोचवायचे, हे काम मंगलाबाईंकडे पाच वर्षं होतं. त्याआधी त्यांचे पती निंबा याच शेडमध्ये माग दुरुस्त करत. एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मागाच्या दातेरी चाकात गेली. नंतर जुनी पिकअप घेतली ती दोघांनी मिळून. चालवायला शिकल्या मंगलाबाई, दर रविवारी, चलथाणच्या रस्त्यावर, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे. उधन्याच्या स्टँडवर अकरा गाड्या होत्या. फळ्यावर त्यांचा नंबर सात.

सोमवारी दुपारी स्टँडवर सगळे चालक जमले. स्टँडचे प्रमुख भटू अहिरे शिंदखेड्याचे, म्हणजे मंगलाबाईंच्या माहेरच्या बाजूचे. पण स्टँडवर ते नातं काढत नसत.

"वहिनी, बाकीचे चार बीम नेतात. तुम्हीबी चार न्या. गाडीचं पोट वर राहतं."

"शेडला सहा लागतात. गल्लीत एका गाडीची दिवसाला एकच फेरी, हा तुमचाच नियम. उरलेले दोन काय तुमच्या डोक्यावर पाठवू?"

कोणीतरी हसलं. भटू हसले नाहीत.

"पुन्हा अडकली तर सात नंबर पुसला. मग इथं गाडी लावायची नाही, गल्लीत घालायची नाही."

फळ्यावर नंबर नसलेल्या गाडीला उधन्यातला एकही कारखाना माल देत नसे. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"पुसा," मंगलाबाई म्हणाल्या, "पण आधी अडकू तर द्या."

संध्याकाळी त्या गोणपाट अंथरून गाडीखाली शिरल्या. हातात निंबांची स्टीलची पट्टी होती. सहा बीमांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरलेल्या गाडीच्या गोळ्याखाली जमिनीपर्यंत साडेसात इंच जागा राहत होती. गल्लीत जाऊन उंचवटा मोजला. चाकोरीच्या तळापासून तो आठ इंच भरला. फरक अर्ध्या इंचाचा होता.

"चार बीम ने ना," निंबा घराच्या ओट्यावरून अहिराणीत म्हणाले. "कसाले भांडस?"

"गाडी आपली शे. तिनामा काय भरानं ते मी ठरावसू."

"आन् अडकनी तर?"

"तव्हय बोल."

मंगळवारी सकाळी फेरी सोडून दोघं उधन्याला मारुती टायरवाल्याकडे गेले. मारुती नांदेडकडचा, सुरतेत बारा वर्षं. गाडीला मुळात सहाशे-सोळाची टायरं होती. मारुतीने शेजारी साडेसहाशेचं आणि सातशेचं टायर उभं केलं. मंगलाबाईंनी तिन्हींची उंची जमिनीपासून पट्टीने घेतली. साडेसहाशेमुळे आस जेमतेम अर्धा इंच उचलला जात होता, म्हणजे गोळा उंचवट्याला घासतच जाणार. सातशे आणि खोल नक्षीचं घेतलं, तर घासलेल्या जुन्या टायरांच्या मानाने सव्वा इंच.

"सातशे द्या."

"ताई, चारी घ्यावी लागतील."

"आधी पुढं एक लावून दाखवा."

मारुतीने पुढच्या डाव्या चाकाला सातशेचं लावलं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होतं. शेडच्या फाटकातून आत शिरताना मंगलाबाईंना रोज स्टिअरिंग पूर्ण वळवावंच लागे.

"मग फक्त मागची दोन."

"फक्त मागची? गाडी कोंबडीवानी दिसंल. तोंड खाली, शेपूट वर."

"मला तिला लग्नात मिरवायची नाही."

"स्टेपनी मागं चालणार नाही. स्पीडचा काटाबी कमी दाखवंल."

"नवागामात काटा बघून कोण चालवतं, मारुतीभाऊ? खड्डे बघून चालवतात."

मारुतीने मागची दोन्ही सातशेची चढवली. जुनी दोन त्याने ठेवून घेतली आणि त्याच दुपारी एका भाजीवाल्याच्या टेम्पोला लावून टाकली. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी महत्त्वाची ठरली.

बुधवारी आठ पन्नासला पिकअप सहा बीम घेऊन तेरा नंबर गल्लीच्या तोंडाशी आली. भटू खांद्यावर दोर टाकून उभे होते. त्यांच्यासोबत स्टँडवरचे तिघेजण होते. मंगलाबाईंनी पहिला गिअर टाकला आणि कुठेही न थांबता गाडी चालवत नेली. निंबा मागून वाकून गोळ्याकडे बघत चालले होते. दोन ठिकाणी माती गोळ्याच्या अगदी जवळ आली, पण टेकली नाही. आठ अठ्ठावन्नला गाडी शेडच्या फाटकात होती.

मंगलाबाईंनी खिडकीतून मागे पाहिलं.

"भटूभाऊ, दोर घरी न्या. कपडे वाळत घालायला होईल."

नऊ वाजता गाडी मागे घेऊन ओट्याला लावली, आणि चूक कळली ती तिथे.

शेडच्या दारातला हा ओटा पाच वर्षांपूर्वी निंबांनी बांधला होता, याच गाडीच्या मापाने. नवागामात बीम उचलत नाहीत, लोटतात. गाडीचा मागचा फाळका पाडायचा, तो ओट्याला भिडवायचा आणि बीम हळूहळू लोटत शेडमध्ये न्यायचा. बीम बोटभर उंचीवरून जरी उतरला तरी चालतो. त्याहून जास्त आपटला तर कडेचे धागे सैल पडतात आणि तो पडलेला बीम म्हणून कारखान्याकडे परत जातो. परत गेलेल्या बीमबरोबर हमालाचं नावही जातं. म्हणून हमाल दोर सोडण्याआधी फाळका आणि ओटा यांच्यामधल्या पायरीला बोटं आडवी लावून बघतात. एक बोट असेल तर काम सुरू. दोन असतील तर नाही.

चिंधा महाजन त्या शेडवरचा सर्वांत जुना हमाल. त्याने एक बोट लावलं, मग दुसरं. दोन्ही मावली.

"दोन बोटं," तो म्हणाला.

आस सव्वा इंच उचलला गेला होता, पण फाळका आसाच्याही मागे असतो. मागची बाजूच तेवढी उचलल्यामुळे फाळक्यापाशी फरक दीड इंचाहून जास्त पडला होता. मंगलाबाईंनी गोळा मोजला, उंचवटा मोजला, तीन टायरं मोजली. सगळी मापं जमिनीकडची होती. वरच्या बाजूचं माप कोणी घेतलं नव्हतं; ज्यांनी ओटा बांधला त्या निंबांनीही नाही.

"चिंधादादा, फळी टाकू मध्ये."

"फळीवर बीम घसरतो. माझ्या पायावर घसरलेला आहे. आणि हे बघा, आता दोन बोटं आहेत. माल उतरला की गाडी वर येते. शेवटच्या बीमला तीन होतील."

जुनी टायरं चढवावीत म्हणून निंबा सायकलवर उधन्याला जाऊन आले. टायरं गेलेली होती. मग मंगलाबाईंनी नव्या टायरांतली हवा कमी केली. फाळका जवळजवळ एक बोट खाली आला. चिंधाने पहिला बीम जरासा हलवला, तशी अख्खी गाडी डुलायला लागली. त्याने बीमला पाचर लावली आणि हात झटकले.

"पाळण्यातून बीम उतरवत नाही मी."

मंगलाबाईंनी पंप मागवून हवा पुन्हा भरली.

साडेबाराला भूपेंद्रभाई आले. उद्या दुपारी बारापर्यंत बीम आत हवेत, सहा माग ताण्याविना थांबलेत, असं ते म्हणाले. नाही तर काम दुसऱ्या दोन गाड्यांना, चार-चार बीमांनी. ते रागावलेले नव्हते. "बेन, मारे तो लूम चलाववाना छे," मला तर माग चालवायचे आहेत, एवढं बोलून ते आत गेले.

त्यांच्या पाठोपाठ भटू आले.

"बारा वाजून गेले. गाडी स्टँडवर परत नाही. अडकली."

"अडकली नाही. उभी आहे."

"गल्लीत राहिली म्हणजे अडकली."

"गल्लीत नाही, फाटकाच्या आत आहे. तुमची कोणती गाडी थांबली माझ्यामागे? नाव सांगा."

भटूंनी गाडीतल्या बीमांकडे हात केला.

"चार बीम नेले असते तर हे काही झालं नसतं, वहिनी."

"चार नेले असते तर आज भूपेंद्रभाईंनी काम काढलं असतं. उद्या काढतील की नाही ते उद्या बघू. गाडी इथून हलणार नाही. गाडी खाली येत नाही ना? मग ओटा वर येईल."

शेजारी एका घराच्या मोरीचं काम चाललं होतं. निंबांनी तिथून कोटा फरशीचे चार तुकडे आणि घमेलंभर सिमेंट मागून आणलं. फरशी इंचभर जाडीची, खाली अर्धा इंच सिमेंट. तीन वाजता त्यांनी ओट्याची कड पाण्याने धुतली आणि डाव्या हातात थापी धरून काम सुरू केलं. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी ते पट्टी धरत होते. चिंधा बिडी ओढत बघत होता.

"निंबाभाऊ, ओल्या सिमेंटवर दीडशे किलो?"

"उद्या सकाळलोंग वाळी."

"पावसाळ्यात?"

"तू येऊन तर बघ."

सहाला काम संपलं. मंगलाबाईंनी ताडपत्री बीमांवर बांधली आणि गाडीची किल्ली कमरेला खोचली. घरी जाताना त्या स्टँडवरून गेल्या. फळ्यावर सहाच्या खाली आठ होता. मधली जागा ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती.

गुरुवारी, ७ ऑगस्टला, सकाळी सव्वासातला मंगलाबाई पुन्हा स्टँडवर आल्या. बाकीचे नंबर खडूने लिहिलेले होते. त्यांच्या हातात पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश होता. त्यांनी रिकाम्या जागी सात लिहिला, बाकीच्यांपेक्षा थोडा मोठा. भटू तीन हात अंतरावर चहा पीत उभे होते.

"हा पुसला जात नाही," मंगलाबाई म्हणाल्या. "खरवडावा लागेल. दिवसाउजेडी खरवडा, सगळ्यांदेखत."

भटूंनी कप खाली ठेवला. फळ्याकडे गेले नाहीत. गल्लीच्या दिशेने निघाले.

नऊ दहाला चिंधाने फरशीवर टाच दाबली. तीन तुकडे घट्ट होते. डावीकडच्या चौथ्याच्या कोपऱ्यातून बारीक पाणी वर आलं. त्याने पायरीला बोट लावलं. एकही पुरतं मावलं नाही.

"माप बरोबर आहे," तो म्हणाला. "सिमेंट कच्चं आहे."

"किती वेळ?" मंगलाबाईंनी विचारलं.

"मला वेळ विचारू नका. भाईंना विचारा."

निंबांनी चौथ्या तुकड्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवलं आणि शेजारी उकिडवे बसले. फाटकाबाहेर स्टँडच्या दोन गाड्या येऊन थांबल्या. दोन्हीत चार-चार बीमांची जागा रिकामी होती; बारा वाजले की माल आणायला त्याच निघणार होत्या.

अकरा चाळीसला, मुदतीला वीस मिनिटं उरली असताना, चिंधाने पहिल्या बीमचा दोर सोडला, पाचर काढली आणि बीम फाळक्याच्या कडेपर्यंत लोटत आणला. तिथे त्याने तो दोन्ही हातांनी थोपवून धरला. त्याची नजर चौथ्या फरशीवर होती. मंगलाबाई गाडीच्या चाकाला टेकून उभ्या होत्या. आत भूपेंद्रभाईंनी घड्याळ बघितल्याचं शेडमधल्या दोन कामगारांनी सांगितलं.

तोपर्यंत फळ्यावरचा सात कोणी खरवडला नव्हता. रंग अजून ओला होता.