मुलताईच्या आत्याबाई

शुक्रवारी ईशान बँकेत गेला आणि त्याला न सांगता मी गाडी बाहेर काढली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. "आई, इथलं ट्रॅफिक तुला झेपत नाही. विकून टाकू," असं तो म्हणाला होता, तेही आज भाजी काय करतेस हे विचारावं इतक्या सहज. मुलगा माझा, पण गाडीही माझीच. निवृत्त होईपर्यंत मी तिच्यातून इंदूरच्या शाळेत गणित शिकवायला जात होते.

मी ठरवलं होतं की एकटीनं बाळापूरला जायचं, किल्ला बघायचा आणि एकही ओरखडा न पडता परत यायचं. मग बघू कोण विकतं ते.

आता इंदूरचे लोक फार शहाणे आहेत असं मी म्हणणार नाही. पण तिथला वेडेपणा मला पाठ होता. अकोल्यात येऊन वर्ष होत आलं, तरी इथला काही उमगत नव्हता. लाल दिव्याला थांबले की मागचा ओरडायचा, "काकू, पोलीस नाई ना, चाला!" न थांबता गेले की दुसरा विचारायचा, "काहून एवढी घाई करून राहिल्या?" समोरून उलट्या बाजूनं येणारा स्कूटरवाला माझ्याकडेच असा बघायचा, की मला वाटे चुकले मीच. एकदा रिक्षा घासली आणि एकदा आमचंच फाटक. फाटकाचं सोडा, पण रिक्षाची चूक माझी नव्हती.

हायवेला मात्र हात मोकळा झाला. बाळापूर जवळ आलं, तशी मी चक्क गुणगुणू लागले. तेवढ्यात लग्नाच्या एका लॉनसमोर फेटे बांधलेली चार-पाच माणसं हात पसरून रस्त्यातच आली. मी करकचून ब्रेक दाबला.

"एमपीची गाडी! आल्या, मुलताईच्या आत्याबाई आल्या!"

मी काच खाली केली. "कोण आत्याबाई?"

"उतरा त आधी. चाबी द्या, सावलीत लावतो," एक दांडगा तरुण म्हणाला. त्याला सगळे किशोर म्हणत होते. मागे ट्रक भोंगा वाजवत होता, वरून ऊन, समोर बँड. मी गोंधळून उतरले आणि चावी त्याच्या हातात गेली. फोन गाडीतच राहिला.

नवरीचे वडील खुशालराव पुढे आले आणि हात जोडून उभे राहिले. "बाई, पोरीचं लग्न हाये. राग सोडा जी."

"अहो, मी मुलताईची नाही. मी इंदूरची."

खुशालरावांनी बायकोकडे हताशपणे पाहिलं. "पाह्य रुख्मिणी, गावाचं नावई टाकलं यायनं."

"मी तुमच्यापैकी कुणाचीच कुणी नाही हो!"

"असं तोडून बोलू नका बाई," रुख्मिणीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गाडीत जागा नाई भेटली म्हनून कोनी नातं सोडते का? चुकलं असन पोरायचं. आमाले माफ करा."

हळूहळू उलगडा झाला. वऱ्हाड मुलताईहून निघालं होतं. नवरदेवाच्या आत्याला पुढच्या गाडीत बसायला जागा दिली नाही, म्हणून ती चिडून वेगळ्या गाडीनं निघाली होती. वऱ्हाडाची बस अमरावतीजवळ पंक्चर होऊन अडकली होती. आत्याला इथं कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण साखरपुड्यालाही ती रुसूनच आली नव्हती. निरोप एवढाच होता की एमपीच्या गाडीतून एकटी बाई येईल, भयंकर रागात असेल, तिला सांभाळा.

आता मी नाही म्हणावं तरी कसं? नाही म्हणणं हीच तर त्या आत्याची खूण होती. मी उठले की चार बायका बसवायच्या. मी आवाज चढवला की सरबत यायचं. गणिताची बाई मी, पण हे समीकरण काही सुटेना. शेवटी मला मांडवातल्या पहिल्या खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, ओटीत नारळ दिला. रुख्मिणीबाई माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. "एवढ्या लांबून एकट्या आल्या तुमी. कोनी विचारलं का तुमाले, कशा आल्या म्हनून?"

कुणीही विचारलं नव्हतं. मग मी नाही म्हणायचं सोडलं आणि सरबत प्यायले.

तासाभरानं फाटकाशी जीप थांबली. तिच्यातून जांभळ्या शालूतली एक उंच बाई उतरली आणि तिथूनच गरजली, "माह्या जागेवर कोन बसली?"

सगळा मांडव माझ्याकडे बघू लागला. पार्वताबाई, म्हणजे खऱ्या आत्याबाई, फाटकाजवळच एका उलट्या घमेल्यावर बसल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं. खुशालराव दोघींकडे आळीपाळीनं बघत उभे राहिले.

मी उठले. जाऊन शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ ओटीत ठेवला. "ताई, तासभर इथं सगळे तुमचीच समजूत काढताहेत. मी नुसती जागा धरून होते. अशी समजूत माझी आजवर कुणी काढली नाही. चला आत."

पार्वताबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सरबत भेटलं का?"

"दोन पेले."

त्या उठल्या. मांडवानं श्वास सोडला. मग खुशालराव दबक्या आवाजात म्हणाले, "मंग बाई, तुमी कोन?"

इंदूरची म्हणावं, की अकोल्याची? इंदूर सुटलं होतं, अकोला मी अजून धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर वर्षभर मीही रुसूनच बसले होते, घरावर, गावावर, रस्त्यांवर. पण माझं रुसणं कुणाला दिसलंच नव्हतं.

तेवढ्यात ईशान धापा टाकत आत आला. हेल्मेट डोक्यावर तसंच. त्यानं फोन केला होता, तो किशोरनं गाडीत उचलला आणि सांगितलं, "आत्याबाई बाळापूरच्या लॉनवर हायेत, रागात हायेत, समजूत काढून राहिलो, जेवल्यावर बोलतीन." बिचारा बँक सोडून अकोल्याहून मोटरसायकलनं आला होता.

"आई! बरी आहेस ना? हे काय चाललंय?" मग त्यानं हात पुढे केला. "चावी दे. मी चालवतो."

किशोरनं चावी आणून दिली होती, ती माझ्या मुठीत होती. मी ईशानकडे पाहिलं आणि मागे होऊन एका खुर्चीत बसले.

"मी रुसले आहे."

"काय?"

"काढ बाप्पा समजूत," खुशालराव म्हणाले. "आमी तासभर काढली. बाई गोड हाये, पन सहजासहजी ऐकत नाई."

ईशान माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या लहानपणी बुटाची नाडी बांधायला मी त्याच्यासमोर अशीच बसायचे. "काय हवंय तुला?"

"माझी गाडी." आवाज फुटला. अनोळखी लोकांत रडू आल्याची मला लाज वाटली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

मग त्यानं फोन काढून त्या गिऱ्हाइकाला रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. पंगतीत आम्ही दोघं जेवलो. मोटरसायकल संध्याकाळी पोचवायचं किशोरनं कबूल केलं. मी गाडीचं दार उघडलं, तर ईशान आधीच डावीकडे जाऊन बसला होता आणि खिडकीवरची कडी घट्ट धरून होता.

"कडी सोड," मी म्हटलं. "आधी पट्टा लाव."