तामड्याची देवी

सुगंधाच्या विहिरीत पाण्याआधी देवी निघाली आणि सगळा घोळ झाला.

नांदगावच्या बाजूला, डोंगराच्या अंगावर तिचं घर. पाणी आणायचं खालच्या व्हाळावरून. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर हंडा आणि तोंडात शिव्या. यंदा कुठे तिच्या नवऱ्याला, सहदेवाला जाग आली आणि दारात विहीर, तिकडच्या बोलीत बाव, खणायला घेतली. जांभा सरला, पिवळी माती सरली, मग काळा चकचकीत कातळ लागला. त्याचा तुकडा वर आला तर अंगभर लाल मणी! गावचे मानकरी शंकर गावकार नेमके तिथून चालले होते. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"देवी परगटली रे!"

झालं! कुदळी थांबल्या. देवीच्या डोक्यात पहार कोण घालणार? अर्धवट खड्डा मिरगात ढासळून बुजणार, आणि सुगंधाच्या नशिबी पुन्हा जन्मभर हंडा.

"शिरा पडो ह्येच्या तोंडार," सुगंधा म्हणाली, पण मनात. मानकऱ्याला तोंडावर कोण बोलणार?

तिची भाची सलोनी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होती. ती आली, दगड उलटापालटा करून हसली.

"मावशी, हे लाल मणी म्हणजे तामडो, दागिन्यातलो खडो. मुळात ह्यो दगड म्हणजे चिखल गो! कोट्यवधी वर्सांपूर्वी जमिनीच्या पोटात गेलो. वरसून डोंगराचो भार, खालसून आग. पण वितळूक नाय हां. घट्टच रवलो आणि आतल्याआत बदललो. चिखलाचा अभ्रक झाला, म्हणान चकाकता. आणि त्यातच हे लाल मणी वाडले. मगे वरचा सगळा झिजला, तेवा वर इलो."

"वरसून सासू, खालसून चूल," सुगंधा म्हणाली. "माकाय तसाच गावला. पण माज्या आंगार एक मणी वाडूक नाय!"

सलोनीने शंकरकाकांनाही समजावून पाहिलं. "चिखलाची तर चिखलाची," काका म्हणाले. "गणपती कसलो असता?"

शुक्रवारी फणसाखाली देवी बसवली. वाडी जमली. गाऱ्हाण्याची रीत ठरलेली: एकाने देवाला सांगायचं, वाक्य संपलं की बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून ओरडायचं. वाक्यात काय होतं ते ऐकायची कुणाला सवय नसते. आणि देवासमोर दिलेला होकार परत घेता येत नाही.

शंकरकाकांनी सुरुवात केली आणि तंबाखूचा ठसका लागून मध्येच अडकले. सुगंधाने पदर खोचला आणि गाऱ्हाणं पुढे चालवलं.

"बा देवी, तू हयल्याच चिखलाची लेक!"

"होय म्हाराजा!"

"डोंगराखाली चेपलंस, आगीर भाजलंस, पण वितळूक नाय!"

"होय म्हाराजा!"

"इतक्या वर्सांची तापलेली तू, तुका रोज सकाळ-संध्याकाळ गार पाण्याची आंघोळ व्हयी!"

"होय म्हाराजा!"

"आणि बाव पुरी होयपर्यंत ता पाणी व्हाळावरसून, डोक्यार घागर घेवन, शंकर गावकार आणतलो!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज शंकरकाकांचा. खोकला नुकताच थांबला होता आणि जन्माची सवय. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सहदेव फणसामागे जाऊन पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवसापासून मानकरी घागर घेऊन डोंगर चढू लागले. पहिल्या दिवशी धोतर भिजलं, दुसऱ्या दिवशी मान आखडली. वाटेतल्या बायका बाजूला होऊन मुद्दाम नमस्कार करत. सुगंधाच्या मनात एकदा दया आली, पण आपली मान आठवली आणि गेली.

आठवडा काही पुरा झाला नाही. एका सकाळी काका घागर टेकवून अंगणात बसले. धाप लागली होती.

"सुगंधा," ते म्हणाले, "काल देवी सपनात इली. म्हणता, माका फणसाखाली बरा वाटता. तुमी बाव खणा."

सुगंधाने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, पदर नीट केला आणि हात जोडले.

"होय म्हाराजा!"