सासरेबुवांचं दार

मल्हारराव सकाळपासून मरत होते. कधी डोक्यात नारळ पडून, कधी म्हशीनं उडवल्यामुळे, आणि एकदा तर नुसतं 'नमस्कार' म्हटलं म्हणून वरून कुणीतरी पाण्याचं घंगाळ ओतलं त्यात वाहून. दर वेळी पडद्यावरचा फेटेवाला नवरदेव चारी पाय वर करून पडायचा, जीभ बाहेर काढायचा, आणि खाली अक्षरं उमटायची: 'मेलात. पुन्हा बघा.' मल्हारराव पुन्हा बघत होते. त्यांचा चहा कधीच गार झाला होता आणि डोकं मात्र तापत चाललं होतं.

हा खेळ अद्वैतनं स्वतः केला होता. अद्वैत पुण्याचा. हर्षिताच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करायचा, बंगळुरातच हेब्बाळला खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी असले उद्योग करून फ्लॉप्या मित्रांत वाटायचा. त्याला हर्षिताशी लग्न करायचं होतं. दिवाळीत तो घरी येऊन गेला, आता संक्रांत झाली, तरी मल्हाररावांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं की ते 'बघू' म्हणायचे. काल हर्षितानं ही फ्लॉपी आणून दिली. अण्णांना खेळायला दे, हसतील, असा त्याचा निरोप होता.

हसतील! त्या पोराच्या तोंडून हसण्याची गोष्ट ऐकली की मल्हाररावांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दिवाळीत तो आला तेव्हा थोडं थांबा अशा अर्थी ते आपल्या घरच्या मराठीत साधं एवढंच म्हणाले होते, "स्वल्प थांबा, कॉफी येतेय." त्यावर हा फिस्सकन हसला आणि म्हणाला, "स्वल्प? आम्ही फक्त स्वल्पविराम ऐकलाय." हर्षिताही हसली. मल्हाररावही हसल्यासारखं करून कॉफी बघायला आत गेले. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षं बंगळुरात होतं. आजूबाजूला सगळं कानडी असताना घरात मराठी टिकवली होती ती काय पुण्याच्या कालच्या पोरानं तिला नाक मुरडावं म्हणून? हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून लेकीचं लग्न अडवलं असं लोक म्हणाले असते, आणि ते खरंच असतं.

खेळ दिसायला सोपा होता. नवरदेव बंद दारापुढे उभा, आत भावी सासरेबुवा. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द टाइप करायचा. बरोबर शब्द मिळाला तर दार उघडणार, नाहीतर मरण. खुणा नाहीत, मदत नाही. मरत मरतच शिकायचं.

आतून सासरेबुवांनी विचारलं, थांबायची तयारी आहे का? मल्हाररावांनी सवयीनं कानडी 'सरी' म्हटलं, म्हणजे s, a, r, i. बरं, ठीक आहे, अशा अर्थी. तर नवरदेवाच्या अंगावर झर्रकन नऊवारी साडी आली, वारा सुटला, साडीचं शीड झालं आणि तो गच्चीवरून उडून गेला. मेलात. पुन्हा बघा.

मल्हाररावांनी टेबलावर मूठ आपटली. कीबोर्ड उडाला. हर्षिता धावत आली आणि समजावू लागली की त्या स्पेलिंगचा खेळानं साडी असा अर्थ घेतला, यात अद्वैतचा काही डाव नाही. मल्हाररावांनी तिला बाहेर जायला सांगितलं.

मग पडद्यावरचं दार किलकिलं झालं आणि सासरेबुवांचं तोंड दिसलं. झुपकेदार मिशा, मांडीवर वर्तमानपत्र. ते म्हणाले, 'बघू.'

हा तर मीच, असं मल्हाररावांच्या ध्यानात आलं. चांगलं चित्र काढलं होतं मेल्यानं. पण मग त्यांना एक जोर चढला. सासरेबुवा जर मीच, तर त्यांना काय हवंय हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

त्यांनी 'नोकरी' टाइप केलं. 'बघू,' आणि नारळ. 'घर' टाइप केलं, तर घरच अंगावर कोसळलं. 'हुंडा नको' म्हटल्यावर म्हैस पुन्हा आली. मुलगी, सुख, बंगळूर, पुणे, सगळे शब्द झाले आणि प्रत्येकाला त्या पोरानं वेगळं, झकास मरण शोधून ठेवलं होतं. मल्हारराव थांबले. दाराआड बसून आपण कशाची वाट बघतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एका बोटानं सावकाश टाइप केलं: 'चुकलो.'

नवरदेव मेला नाही. नारळ पडला नाही. कोऱ्या पडद्यावर एक ओळ आली: 'हा शब्द खेळात नाही.'

आता मात्र ते चांगलेच भडकले. म्हशीचा विचार केला, घंगाळाचा केला, आणि याचा नाही? ते तसेच उठले आणि त्यांनी हेब्बाळच्या घरमालकांकडे फोन लावला. अद्वैत जिन्यावरून धावत खाली आला असावा, त्याला धाप लागली होती.

"चुकलो हा शब्द खेळात का नाही?" मल्हाररावांनी विचारलं.

"होता, काका," अद्वैत म्हणाला. "पहिल्यांदा तोच घातला होता. तो टाकला की दार लगेच उघडायचं. खेळ फारच सोपा व्हायला लागला, म्हणून काढला."

"सोपा आहे ना? मग म्हण."

तो हसेल, काहीतरी टोला मारेल, म्हणून मल्हारराव दात आवळून उभे राहिले. तसं झालं तर फोन आपटायचा आणि हे लग्न मोडायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. दारात हर्षिता उभी होती. ती वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"त्या दिवशी मी तुमच्या बोलण्याला हसलो," अद्वैत म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ते तुम्हाला लागलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. चुकलो."

मल्हाररावांनी भांडायची केवढी तयारी केली होती. ती सगळी तशीच राहिली, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी आईवडिलांना घेऊन ये. तेव्हाही असेल तो."