साखर मेली, चहाचा पाक झाला

"मेली! साखर मेली!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या कडूमहाराजांनी प्रत्येकाला कारल्याचा रस पाजून तळहातावर चिमूटभर साखर ठेवली होती. ती खरोखरच वाळूसारखी लागत होती. "जिभेवर मेली, ती रक्तातही मेली! फेका त्या सुया!" महाराज गरजले. सुया फेकायला दाराशी बादली तयार होतीच. सोय चोख.

त्या बादलीत माझ्या दादाचं इन्सुलिनही गेलं. दादाचं चहाचं दुकान, आणि मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. पण पिकतं तिथे विकत नाही.

"दादा, पायाची जखम चिघळतेय. इंजेक्शन घे."

"अगं, तुझा विश्वास यंत्रावर, माझा जिभेवर. वीस वर्षं तिच्यावरच दुकान चाललंय."

खरं होतं. दादा घोटभर चाखल्याशिवाय चहा गाळत नसे. एका सकाळी महाराजांच्या बाटलीतला रस त्याने दुकानातच घेतला आणि लगेच चहा चाखला. "फिक्का!" मूठभर साखर पडली. पुन्हा चाखला. पुन्हा मूठभर.

"चहा आहे की पाक?" शिंपीकाकांनी कप खाली ठेवला.

"तुमचीच जीभ बिघडलीय!" दादा खवळला. पण एकेक गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं.

तासाभराने दादाने उरलेला चहा तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. मला फोन केला. आवाज पडलेला होता. "चहा तोच आहे गं. मग बदललं काय?"

"जीभ," मी म्हटलं.

बाटलीच्या तळाशी हिरवा गाळ होता. रसात गुडमार, म्हणजे जिभेची गोड चव मारणारी वनस्पती, मिसळली असावी असा मला संशय आला. मी तिची पानं आणली आणि दादाला दोन चावायला दिली. कारलं नाही, मंत्र नाही. वर साखर दिली. वाळू! "अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळत नाही. रक्ताला कळतं." मी त्याचं बोट टोचलं. चारशे बारा. मला रडूच कोसळलं.

पुढच्या सभेत दादाने लंगडत जाऊन सगळ्यांना ती पानं वाटली. साखर पुन्हा मेली, महाराजांशिवाय. महाराज मागच्या दाराने गेले. बादली राहिली.

इन्सुलिन पुन्हा सुरू झालं. दादाचा पाय वाचला, एक बोट मात्र कापावं लागलं.

कारलं वाईट नाही. भाजी करा, आवडीने खा. पण ते रक्तातली साखर थोडीफार उतरवू शकतं, म्हणूनच औषधं चालू असताना पेलेच्या पेले रिचवाल तर चक्कर येऊन पडाल. गरोदर बायांनी तर रसाच्या वाटेला जाऊच नये. डॉक्टरांना विचारा, आणि औषध मनाने सोडू नका.

दादा आजही चहा चाखतो. पण आधी बोट टोचतो. "चहाचं जिभेला विचारावं," तो गिऱ्हाइकांना सांगतो, "रक्ताचं रक्तालाच."