काठावरचे ओरखडे

बुधवारी सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून नानांनी जाहीर केलं की त्यांच्या सगळ्या रेकॉर्ड संगीतशाळेला द्यायच्या. तिथले सर शनिवारी चार वाजता गाडी घेऊन येणार होते. शेजारच्या खोलीत कोटाचं अस्तर बेतत असलेल्या त्यांच्या सुनेची कात्री जिथल्या तिथे थांबली.

“का हो नाना?”

“करकरतात आता. माझ्यासारख्याच म्हाताऱ्या झाल्यात. शाळेतली मुलं तरी ऐकतील.”

करकरणाऱ्या रेकॉर्ड मुलांनी तरी का ऐकाव्यात, हे नानांनी सांगितलं नाही आणि सुनेनेही विचारलं नाही. नाना घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेला माणूस. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि त्यात भिंतीला कधीच काही होत नाही.

पण तिला हे मुळीच चालणार नव्हतं. बावीस वर्षं तिचं शिवणयंत्र नानांच्या रेकॉर्डच्या साथीने चाललं होतं. संथ काही लागलं की ती काजं करायची, वाजवणारे रंगात आले की लांब सरळ शिवणी मारायची. गेले दोन महिने मात्र पलीकडची खोली गप्प होती. नाना खिडकीत बसून रस्ता बघायचे आणि जेवताना दुसऱ्यांदा काही घ्यायचे नाहीत. रेकॉर्ड गेल्या तर हा माणूस त्या खिडकीतून पुन्हा उठायचाच नाही, अशी तिला धास्ती वाटली.

“करकर म्हणजे धूळ,” तिने नवऱ्याला सांगितलं. “सगळ्या धुऊन काढते. स्वच्छ वाजल्या की कशाला देतील?”

“अगं, एकशे चाळीस आहेत!”

“मग भांडी तू घास.”

नानांची धुण्याची पद्धत तिला पाठ होती. घरात त्या पद्धतीचे धडे सगळ्यांनीच बोलणी खात गिरवले होते. रेकॉर्ड धरायची ती फक्त कडेला, दोन तळव्यांमध्ये. काळ्या भागाला बोट लागलं की बोटाचं तेल खाचेत बसलंच म्हणून समजा. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून नानांनी बरणीच्या दोन झाकणांना रबर लावून, आरपार बोल्ट घालून एक पकड केली होती. पाणी डिस्टिल्ड, साबण एकच थेंब. हात फिरवायचा तो गोल, खाचांच्या दिशेने, आडवा कधीच नाही. सुनेने त्यात स्वतःची भर घातली आणि उरलेल्या मखमलीच्या तुकड्यांच्या छोट्या गाद्या शिवल्या. मखमलीवर उलटा हात फिरवला की ती कशी रुसते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दोन दिवस स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटांच्या जागी रेकॉर्ड वाळत होत्या. नवऱ्याने फोनवर बोलता बोलता त्यातलीच एक ओढून टेबलावर मांडली आणि तीत आमटी ओतायला पळी उचलली, तेव्हा त्याची बायको अशी किंचाळली की पलीकडून नानाही धावत आले. त्यांनी रेकॉर्ड पाहिली, पळी पाहिली, मुलाकडे पाहिलं. “हा माझ्यावर गेलेला नाही,” एवढंच म्हणून ते परत खिडकीत जाऊन बसले. पण जाताना हसत होते, आणि सुनेला त्या हसण्यानेच हुरूप आला.

शुक्रवारी दुपारी मात्र तिचा हात थबकला. धुऊन लख्ख झालेली रेकॉर्ड तिने उजेडाकडे तिरकी धरली होती. अगदी काठावर, जिथे सुई पहिल्यांदा टेकते तिथे, आडवेतिडवे ओरखडे होते. कोंबडीने उकरावं तसे. आतला सगळा भाग आरशासारखा. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. नानांच्या आवडत्या, रोजच्या लागणाऱ्या तेवढ्याच अशा होत्या. वर्षानुवर्षं न लागलेल्या रेकॉर्डवर एक चरा नव्हता.

मग तिला दोन्ही हातांत धरलेला कप आठवला. आणि शर्ट आठवले. दोन महिन्यांपूर्वी नानांनी चार शर्ट आणून दिले होते. बटणं काढून टिचबटणं लाव म्हणाले, हल्ली तीच फॅशन आहे. तिने हसत हसत लावूनही दिली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! थरथरत होता नानांचा हात, आणि ती अंघोळी घालत बसली होती रेकॉर्डना.

प्लेअरला खरं तर एक खटका होता. खटका वर केला की सुईचा दांडा उचलला जायचा, खाली केला की आपोआप अलगद टेकायचा. नानांनी त्याला कधी बोट लावलं नव्हतं. खटका नवशिक्यांसाठी असतो, घड्याळजीच्या हाताला तो कशाला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

शनिवारी तीन वाजता ती नानांपुढे उभी राहिली. “रेकॉर्ड जायच्या आधी एकदा मला लावायला शिकवा. बावीस वर्षं नुसतं ऐकतेय.”

नाना नको नको म्हणत उठले. तिने रेकॉर्ड ठेवली, दांड्याला हात घातला आणि मुद्दाम हात लटलटू दिला.

“अगं थांब! ओरखडा पडेल!”

“बघा ना, काय हा हात! मेला स्थिरच राहत नाही. अशा हाताच्या बाईने या वाटेला जाऊच नये.”

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सून स्वतःलाच बोलत होती आणि लागत होतं सासऱ्यांना. नाना जवळ सरकले. मग म्हणाले, “तसं काही नसतं. खटका कशाला आहे? सरक, दाखवतो.”

त्यांनी खटका वर केला. थरथरत्या बोटांनी दांडा काठावर आणला, पण सुई वरच होती, थरथरीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग खटका खाली. सुई हळूहळू उतरली आणि टेकली. काठावर दोनचार टिचक्या वाजल्या आणि मग खोलीभर स्वच्छ, नितळ सूर पसरला. नानांचं बोट खटक्यावरच राहिलं.

तिच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, “तुला कधी कळलं?”

“काल. धुताना.”

“चाळीस वर्षांत या हाताने एक स्प्रिंग वाकडी केली नाही गं.”

“ठाऊक आहे मला.” ती म्हणाली, “मी सुईत दोरा ओवायला तार वापरते, नाना. तीन वर्षं झाली. माझे कपडे कुणी परत आणून टाकले का?”

“तार वापरतेस?” नानांनी चमकून विचारलं. “कधी दिसली नाही.”

“लपवते. मलाही मिजास आहे.”

नाना खो खो हसले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. संगीतशाळेतले सर रिकामी खोकी घेऊन हजर होते.

“सर, तुम्हाला हेलपाटा पडला,” नाना म्हणाले. “बसा, ऐका. रेकॉर्ड काही मिळायच्या नाहीत. पण शाळेतल्या मळक्या असतील त्या आणा, आम्ही धुऊन देऊ.”

सर बिचारे भले होते. ते बसले, ऐकत राहिले आणि बाजू संपल्यावर उत्साहाने स्वतःच दांड्याकडे हात नेऊ लागले.

“खटका!” सासरे आणि सून एकदमच ओरडले.

सर रिकामी खोकी घेऊन गेले, तेव्हा संध्याकाळ झाली होती. सून यंत्रावर बसली, तर नानांनी तिच्या टेबलावर पाच शर्ट आणून ठेवले.

“यांनाही टिचबटणं लाव.”

“फॅशन म्हणून?”

“छे,” नाना म्हणाले. “हात थरथरतो म्हणून.” आणि ते रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला गेले.