आभाराची पत्रं

अकराला सुनावणी, आणि साडेदहाला टायपिस्टबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पालिकेच्या सभागृहाबाहेरच्या बाकावर कंपनीचा वकील कागद चाळत बसला होता. त्यातला एक कागद बाईंनी लांबूनच ओळखला. डावीकडे चार बोटं समास, तारखेखाली दुहेरी रेघ. असा कागद अख्ख्या गावात एकच बाई टाइप करायची.

प्रकरण असं होतं. तलाव सरकारचा, म्हणजे सगळ्यांचा. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण होडी पाण्यात सोडायला काठावर एकच सिमेंटचा उतार, आणि तो ज्या पट्ट्यात होता ती जमीन खाजगी. जुना मालक भला माणूस, सव्वीस वर्षांत त्याने कुणाला हटकलं नाही. तो गेला, मुलांनी जमीन कंपनीला विकली, आणि कंपनीने उतारावर फाटक घालायचं ठरवलं. म्हणजे पाणी तुमचंच हो, काठावर बसून खुशाल बघा! होडी तेवढी आणू नका.

उतार वापरायचं ते गावातलं होडीवाल्यांचं मंडळ, म्हणजे सुट्टीच्या दिवशी हौसेने होड्यांना शिडं लावणारी माणसं. कुणी प्लंबर, कुणी नर्स, कुणी चष्मेवाला. राजकारण म्हटलं की चार हात लांब पळणारी. पण पाणी डोक्यावरून जायला लागलं तशी उठली बिचारी. पाच महिन्यांत त्यांनी पालिकेच्या एकूण एक सदस्याचं दार वाजवलं, बाजारात टेबल टाकून सह्या घेतल्या, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला भर सभेत विचारलं, "उतार उघडा ठेवणार का? हो की नाही, तेवढंच सांगा." शेवटी पालिकेने सुनावणी लावली. त्रेसष्ट घरांनी अर्ज केले. नियम साधा होता. वीस वर्षं कुणाला न विचारता वाट वापरली असेल, तर ती वापरणाऱ्याच्या हक्काची. मालकाच्या परवानगीने वापरली असेल, तर मालकाची मर्जी.

आणि बाईंनी काय केलं होतं? मंडळाच्या सचिव म्हणून एकोणीस वर्षं, दर नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, जुन्या मालकाला पत्र धाडलं होतं. 'आपण उतार वापरण्यास परवानगी दिलीत, त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' परवानगी मागितली कुणी होती? दिली कुणी होती? कुणीच नाही! पण नुसतं 'धन्यवाद' कसं कोरडं दिसतं, म्हणून बाईंनी वाक्य सजवलं होतं. कोर्टाच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली बाई, आणि आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कप्तान जिना चढून वर आला. कप्तान म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, धंद्याने प्लंबर. बाईंनी त्याला कोपऱ्यात ओढलं. "कप्तान, ती पत्रं त्यांच्या हाती लागली आहेत."

"कुठली पत्रं?" म्हणेपर्यंत त्याचा चेहरा पडलाच. त्याला ठाऊक नसायला काय झालं? दर वर्षी तोच तर मोटरसायकलवरून ती पत्रं मालकाच्या घरी पोचवायचा. 'काय भाषा आहे बाई तुमची!' असंही वर म्हणायचा.

"आता बोलायचं काय?" बाईंनी विचारलं.

"बघू," कप्तान म्हणाला, आणि घाम पुसत आत गेला.

बाईंना खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. झाडाखाली चाकांच्या खुर्चीत त्यांचा नवरा बसला होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि निम्मे शब्द गेले. घरात अंगात सदरा चढवायलासुद्धा दुसरं कुणी लागायचं. पण ट्रॉलीवरच्या होडीत त्याला बसवून ट्रॉली उतारावरून मागे नेली, की होडी अलगद पाण्यात शिरायची, आणि मग डाव्या हातात सुकाणू धरून तो तासभर कुणाचा मिंधा नसायचा. बाकी सगळा काठ उभ्या दगडांचा. उतार गेला की तो तास गेला. बाईंना मंडळबिंडळ, पालिकाबिलिका कशाचं काही नव्हतं. त्यांना तो तास हवा होता.

सुनावणी सुरू झाली. अधिकारी बाई शांत होत्या, पेनाचं टोपण उघडझाप करत ऐकणाऱ्या. वकिलाने पत्रं पुढे ठेवली आणि एक मोठ्याने वाचलं. मागून नर्स म्हणाली, "अगं बाई, हे काय?"

"ही पत्रं तुमची?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझी."

"मंडळाच्या वतीने लिहिलीत?"

हो म्हटलं की खेळ खलास. त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं मेहेरबानीवर.

वकील हसला. "मॅडम, खाली 'सचिव' लिहिलंय. आणखी काय पुरावा हवा?"

तेवढ्यात कप्तान उठला. "मंडळाने असा ठराव कधी केलेला नाही. इतिवृत्ताची वही बघा. या पत्रांशी आमचा काही संबंध नाही." तो बाईंकडे बघत नव्हता.

अधिकारी बाईंनी वही उलटून पालटून पाहिली. ठराव नव्हताच. "मग ही तुम्ही कुणालाही न सांगता, एकटीने लिहिलीत? कुणी वाचली नाहीत? कुणी पोचवली नाहीत?"

बाईंनी कप्तानकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्यांकडे बघत होता. बाईंच्या मनात आलं, नाव घ्यावं मेल्याचं! आत्ता घ्यावं! पण मागच्या रांगांत माणसं बसली होती. पाच महिने उन्हात टेबलामागे उभी राहिलेली माणसं.

"एकटीने," बाई म्हणाल्या. "टपालात मीच टाकली. यांना कुणाला काही माहीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा बाई खोटं बोलल्या, आणि तेही सरकारी नोंदीत.

"ठीक आहे," वकील लगेच म्हणाला. "मग निदान यांनी तरी मालकाची परवानगी मान्य केली. यांचा हक्क कसला? नाव यादीतून काढा."

अधिकारी बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी निकाल सांगितला. फाटक बसेल, पण यादीतल्या प्रत्येक घराला किल्ली मिळेल, ती फक्त त्या घरच्या होडीसाठी. बासष्ट घरांना. नवऱ्याला सही करता येत नव्हती, म्हणून घरचा अर्ज बाईंच्याच नावाचा होता. तो नामंजूर.

सभागृहात टाळ्या झाल्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. बाई बाहेर आल्या तेव्हा कप्तान मागून धावत आला. "बाई, तुमच्या मिस्टरांना मी नेईन ना माझ्या होडीतून. दर सुट्टीला. वचन."

"आणि सुकाणू?"

कप्तान घुटमळला. "अहो, माझी होडी मोठी आहे. एका हाताने नाही व्हायचं त्यांना. पुढे बसतील की, आरामात."

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या. "लोक वाट बघतायत."

खाली झाडाखाली नवऱ्याने टाळ्या ऐकल्या होत्या. त्याचा डावा गाल हसत होता. "राहिला?"

"राहिला."

"आपला?"

बाई त्याच्यापुढे खाली बसल्या. गोड बोलायची सवय जन्माची, पण आता एक शब्द सजवता येईना. "नाही हो. लोकांचा राहिला. आपल्याला किल्ली नाही. माझ्यामुळे."

तो ऐकत राहिला. मग शब्द जुळवायला लागला. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

"मग," तो म्हणाला, "आपण... लोक... नाही?"