पेवाचं तोंड

वामनरावाला भूक कमी आणि हाव जास्त. अशी माणसं जेवायला बसली की लक्ष आपल्या ताटात नाही, शेजाऱ्याच्या ताटात. मेहकरकडच्या आमच्या गावात त्याच्याएवढी काळी जमीन कुणाची नव्हती, तरी बांधापलीकडचा तुकडा आपला नाही म्हणून तो तळमळायचा. बायको कोकिळा मुळात तशी नव्हती. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यंदा गळ्यात घालायला सोन्याची एकदाणी करून देतो असं नवऱ्यानं म्हटलं आणि तीही त्याच्याच डोळ्यांनी बघू लागली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. विहिरी कोरड्या ठाक, गाव सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला. आणि वामनरावाच्या मागच्या अंगणात, जमिनीच्या पोटात, जुन्या ज्वारीचं पेव. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र खोलीएवढा खड्डा. तोंडावर फरशी, फरशीवर मातीचा लेप. वरचा थर आधीच काढून झालेला असल्यामुळे दाणा आता चांगला पुरुषभर खाली होता.

कोकिळेची सासू रुखमाबाई होती तोवर पेव उघडायची रीत ठरलेली होती. सकाळी फरशी सरकवायची, काठीला बांधलेल्या डब्यानं सूपभर ज्वारी वर घ्यायची, तोंडाशी हळदकुंकू वाहून हात जोडायचे. मग त्या ज्वारीच्या भाकरी करून गल्लीला जेवू घालायचं. शेवटचा माणूस हात धुऊन ‘भरून पावलो’ म्हणेपर्यंत आत कुणी पाय ठेवायचा नाही. दिवस कलून जायचा. म्हातारी म्हणायची, "भुईनं वर्सभर राखलं. आधी हात जोडा, मंग हात घाला."

तेवढ्या वेळात पेवात कोंडलेली विषारी वाफ निघून जायची. हे निराळं सांगायची गरजच कधी पडली नव्हती. वामनरावानं जन्मात कुणाला पेवात गुदमरताना पाहिलं नव्हतं, म्हणून वाफेची गोष्ट त्याच्या लेखी म्हाताऱ्यांची बडबड. रीत पाळली जायची म्हणून कुणी मरत नव्हतं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

आदल्याच दिवशी शेजारची जनकाबाई पदर पसरून पायलीभर ज्वारी मागायला आली होती. घरात दाणा नाही, असं कोकिळेनं तिला सांगितलं. आता भाकरी करून गल्ली बोलवायची कोणत्या तोंडानं? शिवाय चिखलीच्या व्यापाऱ्याचा ट्रक दुपारी मळ्याच्या वाटेनं येणार होता. गाव कामावर आहे तोवर पोती भरून मोकळं व्हायचं, असा वामनरावाचा बेत. सालदारालाही त्यानं कडबा आणायच्या निमित्तानं परगावी धाडलं.

फरशी सरकली तसा आंबूस, उष्ण दर्प कोकिळेच्या तोंडावर आला. निदान एक भाकरी करते, हात जोडते, मग उतरा, असं ती म्हणाली.

"चुलीचा धूर निघाला का गल्ली गोळा होते," वामनराव म्हणाला. "मुकाट्यानं दोर धर."

तिनं धरला. एकदाणी डोळ्यांपुढे होती, खोटं कशाला बोला.

कमरेला दोर बांधून तो उतरला. दोराचं दुसरं टोक गोठ्याच्या खांबाला. खालून झटका बसताच दुसऱ्या दोरानं तिनं भरलेलं टोपलं वर ओढलं, अंगणात ओतलं. आणखी एक ओढलं. खालून त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. पुन्हा टोपलं सोडलं, पण यावेळी दोराला झटका बसला नाही. धापाही थांबल्या.

तिनं वाकून पाहिलं. तो ज्वारीवर बसला होता, डुलकी लागल्यासारखी मान छातीवर पडलेली. तिनं हाक मारली. दोर ओढून पाहिला, तो तसूभरही हलला नाही. उतरायला एक पाय आत टाकला, तर डोळ्यांपुढे अंधारी आली. ती कशीबशी मागं सरकली आणि कुणाला कळू द्यायचं नाही हे सगळं विसरून ओरडली.

कामावर नेण्यासारखे नव्हते असेच लोक गल्लीत उरले होते. गुडघे धरलेली जनकाबाई आली, तिचा अधू नजरेचा नवरा पंजाबराव आला, आठ दिवसांची बाळंतीण चांगुणा आली. अंगणात पाऊल टाकताच जनकाबाई थांबली. तिच्यासमोर ज्वारीची रास होती. तिनं राशीकडे पाहिलं, मग कोकिळेकडे. म्हातारी आता पाठ फिरवून निघून जाईल असं कोकिळेला वाटलं, आणि तिनं तसं केलं असतं तर बोल लावायला तोंड नव्हतं.

जनकाबाईनं पदर खोचला आणि दोराला हात घातला. "बह्याडावानी काय पाह्यतं? वढ."

उपाशी माणसांनी ओढलेला दोर तो. दर हिसक्याला वीतभर वर यायचा. पंजाबरावाच्या तळहाताची सालटी निघाली, तरी त्यानं पकड सोडली नाही. कोकिळा मनात म्हणत होती, एवढं मिळू दे, आणखी काही नको.

वामनराव वर आला तेव्हा ओठ काळेनिळे होते. त्यांनी त्याला उताणा पाडला, वारा घातला, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं छाती हलली. कोकिळा तिथंच मातीत बसली आणि तिला रडू फुटलं. इतकं भरल्यासारखं तिला लग्नातही वाटलं नव्हतं. समोरच्या तिघांकडे पाहून तिचे हात आपोआप जोडले गेले.

मळ्याच्या बाजूनं ट्रकचा हॉर्न वाजला. वामनरावानं डोळे उघडले.

"किती पोते भरले?"

"तुमी निघाले," कोकिळा म्हणाली. "आज तेवढंच निघालं."

"आन् बाकीचं?"

"ज्यायनं दोर वढला त्यायचं."

त्यानं मान वळवून पेवाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. आत दाणा होता आणि त्याची नजर तिथून हटत नव्हती. हा माणूस पुन्हा उतरणार, हे कोकिळेला स्वच्छ कळलं. तिनं त्याच्या कमरेचा दोर सोडला नाही.